केसाएवढ्या वाटेतला दाब कसा मोजतात?

रात्री प्रयोग लावून घरी गेलो. सकाळी आलो तेव्हा सिरिंज पंपाच्या पडद्यावर कालचाच आकडा निवांत चमकत होता: मिनिटाला १० मायक्रोलिटर. आणि द्रवासाठी केसाएवढी वाट कोरलेल्या चिपखालच्या टिश्यू पेपरवर लाल रंगाचं थारोळं. रात्रीत कधीतरी चिपमधली वाट तुंबली, मागे दाब साचत गेला, एक जोड सुटला आणि पुढचे काही तास पंप इमानेइतबारे टेबलावर रंग ओतत राहिला. पंपाचं काही चुकलं नव्हतं. त्याचं काम सिरिंजचा दट्ट्या ठरल्या वेगानं पुढे सरकवणं, आणि ते त्यानं केलं. ढकललेलं पाणी गेलं कुठे, हे त्याला विचारण्यात अर्थच नाही.

हे ज्याला विचारायचं तो असतो पंप आणि चिप यांच्या मधोमध, नळीतच बसवलेला दाबाचा सेन्सर. काडेपेटीपेक्षा फार मोठा नसतो. एका बाजूनं द्रव आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि एक वायर संगणकाकडे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रयोगशाळांत तो विकत घेतला जातो, जोडला जातो, आणि मग त्याचा आकडा चुकीच्या पद्धतीनं वाचला जातो.

आधी थोडी ओळख. मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे दहा ते काहीशे मायक्रॉन रुंदीच्या वाटांमधून द्रव खेळवण्याची विद्या. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेवढी ही वाट. काचेवर चिकटवलेल्या पारदर्शक सिलिकोन रबराच्या, म्हणजे पीडीएमएसच्या तुकड्यात ती कोरलेली असते. अशा चिपमध्ये पेशी वाढवतात, रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या करतात, तेलात पाण्याचे हजारो एकसारखे थेंब पाडतात. वाट इतकी अरुंद की पाणी कधी उसळत नाही, भोवरा करत नाही. शेजारी शेजारी सोडलेले दोन रंग न मिसळता समांतर वाहत जातात. हे दृश्य पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात पाहिलं की माणूस काही वेळ गप्प होतो.

पण अरुंद वाटेतून पाणी न्यायचं तर ढकलावं लागतं, आणि किती ढकलावं लागेल याचा हिशोब एका डॉक्टरानं मांडून ठेवला आहे. ज्याँ प्वाझय हा पॅरिसचा वैद्य. त्याला रक्त बारीक केशवाहिन्यांतून कसं वाहतं हे समजून घ्यायचं होतं. १८२८ च्या प्रबंधात त्यानं पाऱ्याची नळी वापरून प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला, आणि पुढे १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून प्रवाहाचा नियम काढला. जर्मन अभियंता हागेन त्याच निष्कर्षावर १८३९ मध्ये स्वतंत्रपणे पोचला होता, म्हणून नियमाला दोघांचं नाव. नियम सांगतो: दाबातला फरक द्रवाच्या दाटपणाच्या म्हणजे श्यानतेच्या, नळीच्या लांबीच्या आणि प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. इथवर सगळं सरळ आहे. खरी मेख व्यासात आहे. दाब व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. नळी निम्मी बारीक केली की दाब दुप्पट नव्हे, सोळापट.

आकडे घालून पाहू. पाव मिलिमीटर आतल्या व्यासाची, एक मीटर लांब नळी. २० अंश सेल्सिअसचं पाणी, मिनिटाला १० मायक्रोलिटर. हिशोब केला तर दोन टोकांमधला फरक येतो सुमारे १७ मिलिबार. आता तीच लांबी, तोच प्रवाह, पण नळी ०.१२५ मिलिमीटरची. २७८ मिलिबार! आणि चिप? समजा तिच्यातली वाट १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन खोल आणि २ सेंटिमीटर लांब आहे. तिला लागतात ४७ मिलिबार. म्हणजे जोडणीत बारीक नळी वापरली असेल तर सेन्सरवर दिसणाऱ्या सव्वातीनशे मिलिबारांपैकी चिपचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा. आपण पडद्याकडे बघत 'चिपमधला दाब' म्हणतो, पण तो असतो नळीतला.

मिलिबार कुणाला परका वाटत असेल तर एक सोपी खूण: एक सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळपास एक मिलिबार. रक्तदाबाचा वरचा आकडा १२०, म्हणजे सुमारे १६० मिलिबार. पीडीएमएस आणि काच यांना प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) लावून चिकटवलेला जोड साधारण ३ ते ५ बारला, म्हणजे ३,००० ते ५,००० मिलिबारला सुटतो. चिकटवणाऱ्याचा हात त्या दिवशी बरा नसेल तर बराच आधी.

सेन्सरच्या पोटात

आतली मुख्य वस्तू म्हणजे सिलिकॉनचा एक पातळ पडदा. काही मिलिमीटरच्या तुकड्याला मधोमध एका बाजूनं कोरून इतकं पातळ केलेलं असतं की दाबानं तो किंचित फुगतो. किंचित म्हणजे डोळ्याला कधीच दिसणार नाही एवढा. ते फुगणं ओळखण्याची युक्ती १९५४ मधली. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स स्मिथ यांनी दाखवून दिलं की सिलिकॉन आणि जर्मेनियम ताणले की त्यांचा विद्युत रोध बदलतो, आणि तोही साध्या धातूच्या तारेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. म्हणून पडद्याच्या कडेला, जिथे ताण सर्वांत जास्त तिथे, चार रोध घडवतात. पडदा फुगला की दोघांचा रोध वाढतो, दोघांचा घटतो. हे चौघे व्हीटस्टनच्या सेतूत जोडलेले असतात. तोच सेतू, जो अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात जॉकी तारेवर सरकवत आपण 'नल पॉइंट' शोधायचो. दाब नसताना सेतू समतोल, दाब आला की काही मिलिव्होल्ट. एवढासा संकेत मोठा करून, अंकांत बदलून संगणकाला दिला जातो. हौशी मंडळी यासाठी वजनकाट्यांत वापरली जाणारी एचएक्स७११ नावाची स्वस्त चिप लावतात आणि ती चांगली चालते, पण तिचा वेग सेकंदाला १० किंवा ८० नोंदी एवढाच. संथ प्रयोगाला पुरे.

सिलिकॉनचा एक विक्षिप्तपणा सांगून ठेवतो. त्याला उजेड कळतो. झाकण नसलेल्या सेन्सरवर सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा झोत पडला तर आकडा हलू शकतो आणि माणूस तासभर गळती शोधत बसतो.

दाब कशाच्या तुलनेत मोजायचा, हाही प्रश्न आहे. काही सेन्सर निर्वात पोकळीच्या तुलनेत मोजतात. असा सेन्सर मुंबईत नुसता टेबलावर ठेवला तर हजारच्या वर थोडं दाखवेल आणि पुण्यात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, ९५० च्या आसपास. नवा विद्यार्थी तो बिघडला समजून परत पाठवायला निघतो. आपल्या कामाला बहुधा दुसरा प्रकार लागतो, जो खोलीतल्या हवेच्या तुलनेत मोजतो आणि मोकळा असताना शून्य दाखवतो. त्याच्या पाठीला हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते छिद्र चिकटपट्टीनं बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. 'धूळ जाऊ नये म्हणून' असं उत्तर मिळालं.

वाटेत बसवायचा की फाट्यावर?

स्वस्त उपाय म्हणजे नळीत तिठा जोडायचा, दोन तोंडांतून प्रवाह जाऊ द्यायचा आणि तिसऱ्या तोंडाला सेन्सर लावायचा. दाब सगळीकडे पोचतोच, मग अडचण कुठे? अडचण त्या आंधळ्या बोळात. तिथलं पाणी वाहत नाही. सकाळी रंग वापरला, दुपारी पेशी सोडायच्या म्हणून नळी धुतली, तरी बोळातला रंग तसाच. लहान रेणूंना फक्त विसरणानं, म्हणजे प्रवाहाशिवाय आपोआप पसरत, एक सेंटिमीटर सरकायला एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सकाळचा रंग संध्याकाळपर्यंत थोडा थोडा मुख्य प्रवाहात पाझरत राहणार. शिवाय भरताना तिथे अडकलेली हवा बाहेर निघायला वाटच नाही.

प्रवाहातच बसवलेल्या सेन्सरमध्ये द्रव पडद्याला घासून पुढे जातो. कोपरा राहत नाही, धुतलं की धुतलं जातं. याची किंमत म्हणजे आतली जागा, जी काही मायक्रोलिटर असते. आठ मायक्रोलिटरची पोकळी आणि मिनिटाला एक मायक्रोलिटर प्रवाह असेल तर द्रव बदलल्यावर नवा द्रव सेन्सर ओलांडायलाच आठ मिनिटं घेईल. घाईच्या प्रयोगात हे खटकतं. द्रवाला कोणते पदार्थ शिवतात तेही पाहावं लागतं: पीक नावाचं टणक प्लास्टिक, काच, सिलिकॉन असेल तर बहुतेक गोष्टी सोसतात, पडद्यावर मऊ जेलचा थर असलेले सेन्सर मात्र पाण्यासाठी ठीक, सॉल्व्हंटसाठी नाहीत.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांना हे आधीच माहीत असतं

मला हा विषय खरा कळला तो प्रयोगशाळेत नाही, नातेवाइकाच्या खाटेशेजारी बसून. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मनगटातल्या धमनीत बारीक नळी घालतात, ती सलाइननं भरलेली असते, आणि खाटेशेजारच्या स्टँडवर एक पारदर्शक प्लास्टिकचा डबीसारखा भाग लावलेला असतो. तो याच जातीचा, द्रवानं भरलेल्या नळीत बसवलेला दाबाचा सेन्सर. त्यातूनच मॉनिटरवर ती लाल लाट उमटते.

रात्रपाळीच्या सिस्टर खाट वर-खाली केली की न चुकता स्टँडवरची ती डबी सरकवून हृदयाच्या उंचीला आणायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "खाली राहिली तर बीपी उगाच जास्त दाखवतं, दादा." बरोबर आहे. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे पाऱ्याचे सुमारे सात मिलिमीटर. आणि आमच्या टेबलावर? सेन्सर पंपाच्या कडेला, चिप सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर तीस सेंटिमीटर वर, बाहेरची नळी चिपच्याच उंचीवरच्या बाटलीत. कुणीही उंची मोजत नाही आणि मग प्रवाह बंद असतानाही तीस मिलिबार कुठून आले यावर बैठक भरते.

पाळी बदलली की त्या आणखी एक गोष्ट करायच्या: छोटी तोटी फिरवून सेन्सर हवेला उघडा करायचा, मॉनिटरवर शून्य करायचं, तोटी परत. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: नळी उजेडात धरून टिचकी मारत बुडबुडा शोधणं. बुडबुडा असला की ती लाल लाट बसकी होते, वरचा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो.

बुडबुड्याचं हे प्रकरण आमच्याकडे जास्त चिघळतं, कारण आमचे प्रवाह फार संथ असतात. पाणी दबत नाही, हवा दबते. समजा सिरिंजच्या तोंडाशी १० मायक्रोलिटरचा बुडबुडा राहिला आहे आणि चिपला ५०० मिलिबार लागणार आहेत. तेवढ्या दाबाखाली बुडबुडा पावणेसात मायक्रोलिटरपर्यंत आक्रसतो. मिनिटाला एक मायक्रोलिटरचा पंप असेल तर नुसता बुडबुडा दाबण्यातच तीन मिनिटांहून जास्त वेळ जातो. त्या वेळात चिपमध्ये ठरलेला प्रवाह नसतोच. आणि पंप थांबवला की दाबलेला बुडबुडा स्प्रिंगसारखा पसरत द्रव ढकलत राहतो. 'पंप बंद केला तरी थेंब पडतोय' ही तक्रार ऐकली की आधी सिरिंजमध्ये बघावं. रबरी नळ्या आणि खुद्द पीडीएमएसही थोडं फुगतात, पण हवेपुढे ते किरकोळ.

आलेख वाचताना

एक आकडा फारसं बोलत नाही. आकड्यांची रेघ बोलते. मिनिटामिनिटाला हळूहळू चढणारी रेघ म्हणजे वाटेत काहीतरी साचतंय: पेशी, धूळ, प्रथिनांचे कण. पाच-सहा मिनिटांत पायरीसारखी चढून एकदम खाली आलेली रेघ बहुधा बुडबुड्याची. अरुंद गळ्यातून बुडबुडा ढकलायला पृष्ठताणाविरुद्ध जोर लागतो. ५० मायक्रॉन व्यासाच्या गळ्यात शुद्ध पाण्यासाठी तो ५८ मिलिबारच्या आसपास भरतो. तेवढी पायरी दिसली की मी सूक्ष्मदर्शकात न बघताच ओळखतो. रेघ एकदम शून्याकडे कोसळली तर टिश्यू पेपर घेऊन धावायचं.

आणि नियमित करवतीचे दात दिसले तर तो पंपाच्या मोटरचा दोष. सिरिंज पंपाची मोटर सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं फिरते. प्रत्येक टप्प्याला दट्ट्या तेवढाच सरकतो, पण १० मिलिलिटरच्या सिरिंजचं तोंड १ मिलिलिटरच्या सिरिंजपेक्षा नऊ-दहा पट मोठं, त्यामुळे दर टप्प्याला तेवढ्याच पट जास्त द्रव ढकलला जातो. उपाय सोपा: छोटी सिरिंज लावा.

इथे एक गफलत फार होते. वरचं सगळं सिरिंज पंपाचं, जिथे प्रवाह ठरलेला आणि दाब बदलता. पण बऱ्याच ठिकाणी आता हवेच्या दाबानं बाटलीतला द्रव ढकलणारे नियंत्रक असतात. तिथे दाब ठरलेला आणि प्रवाह बदलता. चिप तुंबली तर बाटलीचा दाब जिथल्या तिथे राहतो आणि प्रवाह गुपचूप घटतो. तिथे तुंबणं कळायला प्रवाहाचा सेन्सर हवा, किंवा चिपच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन दाबाचे सेन्सर. दोघांतला फरक हा चिपचा स्वतःचा. मला विचाराल तर परवडत असेल त्यानं दोनच लावावेत.

सेन्सरला काय दिसत नाही तेही सांगायला हवं. चिपमध्ये सोळा समांतर वाटा असतील आणि त्यातली एक पूर्ण बंद झाली, तर उरलेल्या पंधरा तेवढाच प्रवाह वाहून नेतात आणि दाब वाढतो जेमतेम सात टक्के. खोलीचं तापमान बदललं तर याहून जास्त फरक पडतो. २० अंशांचं पाणी ३० अंशांवर गेलं की त्याची श्यानता २० टक्क्यांनी घटते आणि दाबही तेवढाच उतरतो. मे महिन्यात एसी बंद पडला त्या दुपारी आमची एक चिप 'आपोआप मोकळी झाली' होती, असं वहीत नोंदलेलं आहे.

घेताना आणि वापरताना

माहितीपत्रकात अचूकता 'पूर्ण पल्ल्याच्या १ टक्का' अशी लिहिलेली असते आणि ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १ टक्काच राहतो. ७ बार पल्ल्याच्या सेन्सरचा १ टक्का म्हणजे ७० मिलिबार. ज्याची चिप ४७ मिलिबारची आहे त्यानं हा सेन्सर घेऊन काय मोजायचं? 'मोठा घेतला, कधी लागलाच तर' ही आपली धान्याच्या डब्यांची सवय इथे नडते. पल्ला आपल्या नेहमीच्या दाबाच्या दोन-तीन पट असावा.

मग छोट्या पल्ल्याचा सेन्सर मरतो कसा? बहुतेक वेळा पंपानं नव्हे, अंगठ्यानं. मी मारलेला पहिला सेन्सर असाच गेला. प्रयोग संपला, चिप तुंबलेली होती, मी १ मिलिलिटरची सिरिंज लावली आणि हातानं जरा जोर देऊन धुवायला लागलो. त्या सिरिंजच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ सतरा चौरस मिलिमीटरच्या आसपास. अंगठ्यानं तीन किलो वजनाएवढा जोर लावणं अवघड नाही. भागाकार करा: १७ बार. एक बारच्या पडद्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगत नाही. हातानं धुवायचं तर आधी सेन्सर काढून ठेवायचा, किंवा मोठी सिरिंज घ्यायची. क्षेत्रफळ वाढलं की त्याच अंगठ्याचा दाब उतरतो.

मर्यादा ओलांडली की पंप आपोआप थांबवण्याची सोय असेल तर ती लावावीच. जोड ३ बारला सुटत असेल तर मर्यादा दीड बारला ठेवा. पण नुसतं थांबवणं पुरत नाही, कारण मागे साचलेला दाब तिथेच असतो. दट्ट्या थोडा मागे घ्यावा लागतो किंवा तोटी उघडून दाब सोडून द्यावा लागतो.

आकडा खरा आहे का, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. सलाइनचा स्टँड, शिंप्याची टेप आणि पाण्याची उघडी बाटली पुरते. नळी भरून घ्यायची, बुडबुडे टिचकीनं काढायचे, दुसरं टोक बंद करायचं आणि बाटलीतली पाण्याची पातळी सेन्सरच्या उंचीला आणून शून्य करायचं. मग बाटली ५० सेंटिमीटर वर: ४९ मिलिबार दिसायला हवेत. एक मीटर वर: ९८. मग बाटली परत खाली. आमचा सध्याचा सेन्सर खाली आल्यावर दोन मिलिबार दाखवत बसतो, आणि दहा मिनिटांनी एक. तेवढं वहीच्या कोपऱ्यात तारखेसह लिहितो आणि पंप सुरू करतो.